भान असतं, ‘मी’ नसतो

अपघातातून वाचलेली माणसं पुष्कळदा सांगतात, “सगळं दिसत होतं, पण ते माझ्या बाबतीत घडतंय असं वाटतच नव्हतं.” आवाज कापसातून आल्यासारखे लांब, स्वतःचे हात परक्याचे. ऐकणारे म्हणतात, डोकं फिरलं. कुणी बाधा झाली म्हणतं. दोन्ही चूक. याला डिसोसिएशन म्हणतात, आणि धडधाकट मेंदूही असा वागतो. 1844 साली आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशावर सिंहाने झडप घातली, दंडाचं हाड मोडलं. पुढे त्याने लिहिलं, की तेव्हा एक गुंगी आली होती; ना वेदना, ना भीती, मात्र काय चाललंय ते सगळं कळत होतं.

कळतं, पण भिडत नाही, हे कसं? 2020 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांना केटामाइन दिलं; हे भुलीचं औषध असंच तुटलेपण आणतं. मेंदूच्या मागच्या भागातल्या एका पट्ट्यातल्या पेशी सेकंदाला एक ते तीन वेळा, एका तालात चेतू लागल्या आणि इतर भागांशी त्यांचा मेळ सुटला. असा उंदीर गरम पृष्ठभागावर ठेवला की पाय झटकन उचलायचा, म्हणजे चटका पोचत होता. पण एरवी उंदीर भाजलेला पाय चाटतो, तेवढं तो करत नव्हता! त्या पेशी प्रकाशाला प्रतिसाद देतील अशा करून, औषधाशिवाय, प्रकाशाच्या झोतांनी त्यांच्यात तोच ताल निर्माण केला, तरी उंदीर तसाच वागला. झटका येण्याआधी असंच ‘बाहेर’ गेल्यासारखं वाटणाऱ्या एका अपस्माराच्या रुग्णाच्या मेंदूतही त्याच सुमाराचा ताल सापडला. मात्र एवढ्यावरून ‘डिसोसिएशनचं बटण सापडलं’ म्हणणं उतावळेपणाचं आहे. केटामाइनचा परिणाम म्हणजे खऱ्या संकटातला अनुभव नव्हे.

धोका टळल्यावरही हे धुकं राहिलं, तर मेंदूला आत्ताची, ठोस माहिती द्यायची. तळपाय जमिनीवर दाबा, गार पाणी तोंडावर मारा, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिल्याने काहींना उलट जास्तच तुटल्यासारखं वाटतं; तसं झालं तर डोळे उघडे ठेवा. हे पुन्हापुन्हा होत असेल किंवा ओसरतच नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

सोबतचं कुणी असं हरवलेलं दिसलं तर गदागदा हलवू नका. समोर बसा, नावाने हाक मारा, आपण कुठे आहोत ते साध्या आवाजात सांगा. उत्तर यायला वेळ लागतो, तेवढा थांबा.