केवळ मेगापिक्सेल वाढले म्हणून कुस्तीचा फोटो स्पष्ट येत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जत्रेतील कुस्त्यांचे फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींमध्ये, जितके मेगापिक्सेल (फोटोतील ठिपक्यांची संख्या, दशलक्षांत) अधिक तितका फोटो स्पष्ट, हा समज वर्षानुवर्षे टिकून आहे. तो चुकीचा आहे. खेळांच्या छायाचित्रकारांसाठीच 2020 साली आलेले कॅननचा वन-डी एक्स मार्क थ्री आणि निकॉनचा डी-सिक्स हे महागडे कॅमेरे जेमतेम 20 मेगापिक्सेलचे आहेत.

ढाक हा डाव मारताना पैलवानाचा पाय क्षणात फिरतो. शटर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश आत सोडणारा पडदा, 1/125 सेकंद उघडे राहिले, तर चेहरा ठीक येतो, पण पाय आणि उडालेली लाल माती पुसल्यासारखी दिसते. ते स्पष्ट यायचे, तर शटरचा 1/1000 सेकंदाच्या आसपासचा वेग लागतो, आणि संध्याकाळच्या आखाड्यात तेवढा प्रकाश मिळवायचा, तर एफ 5.6 च्या चौपट प्रकाश आत घेणारी एफ 2.8 ची लेन्स हवी (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे). ती महाग आणि जड असते, हे खरेच. परवडत नसेल, तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, 3200 पर्यंत वाढवावा. त्यामुळे फोटोत थोडे दाणे दिसलेले चालतात, पुसट पाय चालत नाही. लेन्समधील स्थिरीकरण, दुकानदार काहीही सांगो, फक्त आपल्या हाताचा कंप थोपवते, पैलवानाला नव्हे.