सैतानवाद, आधुनिक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आकाराला आलेला पंथसमूह. नाव ऐकताच सैतानाची पूजा डोळ्यांसमोर येते. पण यातले बहुतेक अनुयायी निरीश्वरवादी आहेत आणि त्यांच्या लेखी देव जितका काल्पनिक तितकाच सैतानही. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘विरोधक’. तेवढाच अर्थ त्यांनी उचलला. (गोव्यातले ख्रिस्ती सैतानाला ‘देवचार’ म्हणतात, शेजारच्या हिंदू घरात मात्र देवचार हा गावाचा राखणदार असतो.)

अँटन लाव्हे यांनी ३० एप्रिल १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ‘चर्च ऑफ सेटन’ स्थापन केले. त्यांचे राहते घर बाहेरून काळे रंगवलेले होते आणि तेथील विधींत नग्न स्त्रीचा देह हीच वेदी असे. वर्तमानपत्रांना हवे ते सगळे त्यात होते, आणि लाव्हे यांना ते पुरते ठाऊक होते. १९६९ मध्ये निघालेल्या त्यांच्या ‘दि सेटनिक बायबल’चा मथितार्थ मात्र रोखठोक आहे: देहाची सुखे नाकारू नयेत, अपराध्याला दुसरा गाल देऊ नये, स्वतःला कमी लेखू नये. वर्षातला सर्वांत मोठा सण म्हणजे ज्याचा त्याचा वाढदिवस! विधी हे मनातला राग, वासना, दुःख मोकळे करण्याचे नाट्य मानले जाते. लहान मुलांना इजा करणे पंथाच्या नियमांत निषिद्ध आहे. स्वसंरक्षण किंवा अन्नाखेरीज प्राणी मारणेही. तरीही १९८० च्या दशकात अमेरिकेत सैतानी बालबळींच्या अफवांनी कहर केला. अशा संघटित बळींचा पुरावा तपासात सापडला नाही. सैतानाला खरोखर मानणारे गटही आहेत. १९७५ मध्ये फुटून निघालेले ‘टेंपल ऑफ सेट’ इजिप्तच्या सेत देवतेला प्रत्यक्ष सत्ता मानते.

चर्चचे मुख्य चिन्ह म्हणजे उलटा पंचकोनी तारा, त्यात बोकडाचे मुख आणि भोवती ‘लिव्हायथन’ या सागरी राक्षसाच्या नावाची पाच हिब्रू अक्षरे. बोकडाला ‘बॅफोमेट’ म्हणतात. हे नाव पुढे आले ते चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये टेंप्लर या ख्रिस्ती लढवय्या संघाच्या सरदारांवर चाललेल्या खटल्यांत, मूर्तिपूजेचा आळ म्हणून. १८५० च्या दशकात एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढवाद्याने त्याला रूप दिले: शिंगांमध्ये मशाल, पाठीला पंख, छातीला स्तन, एक हात वर आणि एक खाली. लेव्हीला यात सैतान दाखवायचा नव्हता. स्त्री-पुरुष, वर-खाली अशा द्वंद्वांचा समतोल दाखवायचा होता.

२०१३ मध्ये निघालेल्या ‘सेटनिक टेंपल’ने याच चित्रावरून कांस्यमूर्ती घडवली. स्तन वगळले आणि दोन्ही बाजूंना तिच्याकडे टक लावून पाहणारी दोन मुले उभी केली. ओक्लाहोमाच्या विधानभवनाच्या आवारात बायबलमधील दहा आज्ञांची शिळा बसली होती. सरकारी जागेत एका धर्माला स्थान, तर आम्हालाही द्या, असा त्यांचा दावा होता. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिळाच हटवायला सांगितली. मूर्तीचे अनावरण मग त्याच जुलैत डेट्रॉइटमध्ये झाले. चर्च ऑफ सेटन या मंडळींना सैतानवादी मानायलाच तयार नाही.