पहिलीचे वाचन आणि पडदा : २०२० च्या निर्णयाची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात जून २०२० मध्ये ज्या मुलांची नावे पहिलीत घातली गेली, त्यांच्यासाठी वर्गाचे दार अधिकृतपणे उघडले ते १ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे ती मुले दुसरीचे निम्मे वर्ष ओलांडून गेल्यावर. मुंबई आणि पुण्यात तर त्यानंतरही सुमारे पंधरवडा गेला. मुळाक्षरे, काना-मात्रा, बाराखडी आणि पहिली छोटी वाक्ये हा सारा टप्पा या मुलांनी घरी, आणि जिथे सोय होती तिथे मोबाइलच्या पडद्यावर पार केला. नवख्या वाचकांना आभासी पाठांतून शिकवावे काय, हा वाद आज पुन्हा निघतो तेव्हा त्याची मुळे याच दीड वर्षात शोधावी लागतात.

पडद्यावरून शिकवण्याची कल्पना अर्थातच त्याहून जुनी आहे. १९७५-७६ मध्ये देशातील सहा राज्यांच्या सुमारे २,४०० गावांत उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता. राज्याची स्वतःची शैक्षणिक कार्यक्रम निर्मिती पुण्यात १९८४ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये थांबवण्यात आली. २०१८ मध्ये पहिलीचे नवे पाठ्यपुस्तक आले, तोवर पुस्तकांत क्यूआर कोडही छापले जाऊ लागले होते. या सर्व प्रयत्नांत एक गृहीतक समान होते. वर्गात शिक्षक आहेत, ते मुलाचे वाचन ऐकत आहेत आणि पडदा त्यांच्या मदतीला आहे. शिक्षकच पडद्यापलीकडे गेले तर सहा वर्षांच्या मुलाने वाचायला कसे शिकावे, या प्रश्नाची तयारी २०२० पूर्वी कोणीही केलेली नव्हती.

म्हणूनच त्या पावसाळ्यातील निर्णय इतका गोंधळाचा ठरला. खासगी शाळांनी शासनाच्या आदेशाची वाट न पाहता अगदी लहान मुलांचेही तास सुरू केले होते, आणि मुले तासन्‌तास पडद्यासमोर बसतात अशी पालकांची तक्रार होती. जूनमध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक, पहिली आणि दुसरीला ऑनलाइन वर्गांतून वगळले; पहिली-दुसरीसाठी दूरचित्रवाणी आणि आकाशवाणीचा मार्ग सुचवला. शेजारच्या कर्नाटकाने त्याच महिन्यात पाचवीपर्यंतचे ऑनलाइन वर्ग बंद करण्याचा आदेश काढला, परंतु तेथील उच्च न्यायालयाने ८ जुलै रोजी त्यास स्थगिती दिली, कारण शिक्षणाचा हक्क असा सरसकट रोखता येणार नाही. त्यानंतर आठवडाभरात केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि २२ जुलै रोजी महाराष्ट्रानेही आपली भूमिका बदलली. पहिली-दुसरीसाठी अर्ध्या तासाच्या सत्राला परवानगी मिळाली आणि त्या अर्ध्या तासाची विभागणीही ठरली : पंधरा मिनिटे पालकांशी संवाद, पंधरा मिनिटे मुलांसाठी कृती.

या विभागणीवर तेव्हा सर्वाधिक टीका झाली. पंधरा मिनिटांत काय शिकवणार, असा प्रश्न शिक्षकांनी विचारला. शिकवण्याचे काम आमच्यावर ढकलले, असे पालक म्हणाले. दोन्ही आक्षेपांत तथ्य होते. तरीही त्या निर्णयाने एक गोष्ट अचूक ओळखली होती, आणि तिचे श्रेय त्यास मिळायला हवे. नवख्या वाचकाचा आभासी पाठ हा एकट्या मुलाचा पाठ नसतो. तो मुलाशेजारी बसलेल्या मोठ्या माणसाचाही पाठ असतो. निर्णयाची खरी उणीव पुढे होती. तो माणूस त्या वेळी घरी असेल, त्याला स्वतःला वाचता येत असेल आणि घरातला एकमेव फोन त्याच्या हातात असेल, हे गृहीत धरले गेले. टाळेबंदी शिथिल होताच असंख्य घरांतला फोन वडिलांच्या खिशातून सकाळीच कामावर जाऊ लागला, तर शाळेचे सत्र होते दिवसा. अशा घरांत पाठ पोचला तो रात्री, व्हॉट्सअॅपवर आलेल्या स्वाध्यायाच्या छायाचित्राच्या रूपाने.

पडद्यावर नेमके काय अडते, हे त्या काळात पहिलीला शिकवणाऱ्या कोणालाही विचारावे. वर्गात सर्व मुले एका सुरात ‘क ला काना का’ म्हणतात आणि अडखळणारे मूल त्या सुराच्या आधाराने पुढे जाते. ऑनलाइन वर्गात प्रत्येकाचा आवाज थोडा मागेपुढे पोचतो, नुसता कल्लोळ होतो, आणि शिक्षकांना सर्वांचे माइक बंद करावे लागतात. माइक बंद झाले की कोण अडखळले हे कळण्याचा मार्गही बंद होतो. मूल पाटी कॅमेऱ्यासमोर धरते तेव्हा अनेक उपकरणांवर त्याला स्वतःच्या चौकटीत आपले अक्षर आरशातल्यासारखे उलटे दिसते. ‘ग’ आणि ‘म’ यांची वळणे नुकतीच बसू लागलेल्या मुलास हे गोंधळात टाकणारे असते. वहीच्या पुसट छायाचित्रात अनुस्वाराचे टिंब मुलाने दिलेच नाही की छायाचित्रात हरवले, हे ठरवता येत नाही. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीची तीच गत. सर्वांत मोठी हानी बोटाची झाली : शब्दाखाली बोट फिरवत वाचणाऱ्या मुलाचे बोट कुठे थबकते, हे शिक्षकांना पडद्यावर क्वचितच दिसते.

पडद्याबाहेरच्या वाटाही याच काळात निघाल्या. सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका आली. पालघरच्या पाड्यांवर भोंग्यावरून पाठ ऐकवले गेले. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवण्यात आले, आणि येता-जाता शब्द वाचण्याची ती सोय नवख्या वाचकास अनेक ऑनलाइन तासांहून अधिक उपयोगी होती, असे माझे मत आहे.

परिणाम आकड्यांतही उमटले. ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन केल्या जाणाऱ्या वाचन चाचणीत दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांवर आले. ही भरपाई मुख्यतः वर्ग उघडल्यानंतरची आहे, हे विसरता कामा नये. मध्यंतरी, जुलै २०२१ पासून राज्यात मागच्या इयत्तेचे राहून गेलेले भरून काढणारा ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवला गेला, पण तो सुरू झाला तेव्हा दुसरीत गेलेल्या मुलांनी अजून वर्ग पाहिलेलाच नव्हता, आणि सेतूही बऱ्याच अंशी फोनवरूनच पोचला.

२०२२ च्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी उपक्रमात वस्त्यांवर मातांचे गट करण्यात आले. कृतींची माहिती फोनवर येते, परंतु मुलाजवळ प्रत्यक्ष बसते ती आई, आणि तिला अडचण आली तर गटातली दुसरी आई तिच्या मदतीस असते. जुलै २०२० च्या निर्णयात ‘पालकांशी संवाद’ एवढ्याच शब्दांत जे काम मांडले होते, त्यासाठी माणसे इथे प्रथमच नीट जोडली गेली. आभासी पाठांचा कोणताही नवा प्रस्ताव आला की प्रथम विचारायचे ते हेच : मुलाशेजारी कोण बसणार आहे, आणि त्या व्यक्तीच्या वेळेची व तयारीची सोय प्रस्तावात कोठे केली आहे.