दिवाळीला फोटो द्यायची पद्धत काय आजची नाही

दिवाळी जवळ आली की आमच्या सांगलीत फोटोवाल्यांकडं हल्ली एक वेगळंच गिऱ्हाईक दिसतं, हातात पेनड्राइव्ह, नाहीतर फोनमध्येच चारपाचशे फोटो, आणि म्हणणं एकच की ह्यातनं निवडून एक फोटोबुक करून द्या आणि भाऊबीजेच्या आत द्या. कोण आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून करतंय, कोण पुण्यात राहणाऱ्या बहिणीसाठी. मिठाईच्या बॉक्सपेक्षा बरं, असं लोक म्हणतात आणि वर परत हे मोबाइलमुळं आलेलं नवं फॅड आहे असंही म्हणतात. तसं नाही ओ. हे लई जुनं आहे, फक्त डबा बदलत गेला.

1839 साली फ्रान्समध्ये लुई दागेर नावाच्या माणसानं शोधलेला फोटो जगापुढं आला तेव्हा तो चांदी चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटायचा, एकच, त्याची कॉपी निघायची नाही. म्हणजे दुसऱ्याला दिला की आपल्याकडं काही उरलं नाही. खरी गंमत सुरू झाली ती 1854 मध्ये, दिस्देरी नावाच्या पॅरिसच्या फोटोग्राफरनं एकाच काचेवर आठ छोटे फोटो काढायची युक्ती पेटंट केली तेव्हा. व्हिजिटिंग कार्डाएवढे हे फोटो स्वस्तात आणि डझनानं मिळायला लागले, मग लोक ते पाहुण्यांना वाटायला लागले आणि आलेले ठेवायला खाचा असलेले अल्बम बाजारात आले. 1860 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाच्या फोटोंचा असला संच विकायला आला, तो धडाधड खपला आणि अल्बमचं वेड घराघरात गेलं. आपल्याकडंही काही उशीर झाला नव्हता बरं का, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 लाच निघालेली, आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तेव्हाच्या नावाजलेल्या फोटोग्राफरांपैकी एक.

पुढं 1888 ला अमेरिकेतल्या जॉर्ज ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा आला, त्यात शंभर फोटोंचा रोल आधीच भरलेला, संपला की फोटो धुवायला अख्खा कॅमेराच कंपनीला पाठवायचा. 1900 मध्ये त्यांचाच ब्राउनी कॅमेरा आला एक डॉलरला, आणि 1903 मध्ये पोस्टकार्डाच्या साइजची निगेटिव्ह देणारा घडीचा कॅमेरा. तिकडं नाताळाला शुभेच्छापत्रं पाठवायची चाल 1843 पासूनची होतीच, आता त्यावर विकतच्या चित्राऐवजी स्वतःची पोरंबाळं आली. सणाला स्वतःचे फोटो भेट द्यायचे ही आयडिया तिथं पक्की झाली असं मला वाटतं.

आमच्या घरात हे आलं ते आग्फा क्लिक थ्रीतनं. पत्र्याचा नसला तरी खेळण्यासारखा दिसणारा तो कॅमेरा, एका रोलला बारा फोटो, त्यामुळं प्रत्येक फोटोआधी सगळ्यांना उन्हात उभं करून पप्पा पाच मिनिटं नुसतं बघत बसायचे. नंतर छत्तीसचा रोल आला पण सवय तीच राहिली. आणि दुसरी एक सवय, रोल धुवायला टाकताना ते कायम दोन दोन कॉप्या सांगायचे. एक घरच्या अल्बमला, एक विट्याच्या आत्याला. वर्षभराच्या कॉप्या पाकिटात साठवायच्या, मागं बॉलपेननं तारीख आणि नावं लिहायची आणि भाऊबीजेला ओवाळणीसोबत ते पाकीट ताटात ठेवायचं. आई दरवर्षी कुरकुरायची, डबल पैसे घालवताय म्हणून.

मग डिजिटल. पहिला डिजिटल कॅमेरा 1975 मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनिअरनं बनवला, फोटो 0.01 मेगापिक्सेलचा, ब्लॅक अँड व्हाइट, आणि तो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. कंपनीला आपला रोलचा धंदा बुडवायचा नव्हता म्हणून त्यांनी त्यावर जोर दिला नाही, आणि 2012 च्या जानेवारीत तीच कंपनी दिवाळखोरीत गेली. मधल्या काळात, 1992 ला, त्यांनीच फोटो सीडी काढली होती, एका सीडीवर शंभरेक फोटो. आपल्याकडं सीडी आली ती मुख्यतः लग्नात, आधी व्हिडिओ कॅसेट, मग सीडी, मग ते जाड पानांचे करिझ्मा अल्बम. मामाच्या लग्नाची सीडी आमच्याकडं अजून आहे, वर मार्करनं शुभविवाह लिहिलंय, पण ती लावायला घरात मशीनच नाही आणि एकाकडं लावून बघितली तर उघडली नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आम्ही गावभागात, कपाटाचा खालचा कप्पा म्हणजे अल्बमचा कप्पा. पाणी ओसरल्यावर अल्बम उघडला तर पानं विटेसारखी घट्ट. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, तो भिजला की फुगतो, मऊ पडतो आणि दाबून वाळला की समोरच्या प्लॅस्टिकला डिंकासारखा धरतो. ओले होते तेव्हाच स्वच्छ गार पाण्यात सोडून एकेक अलगद सुटा करून वाळवायला पाहिजे होता, हे आम्हाला नंतर कळलं. आम्ही मात्र तो गठ्ठा तसाच उन्हात ठेवला. आजीचा चेहरा प्लॅस्टिकला चिकटून निघाला, खाली पांढरा कागद. निगेटिव्हचा डबाही त्याच कप्प्यात होता.

दिवाळी त्या वर्षी ऑक्टोबरअखेरीस होती. भाऊबीजेला आत्याकडं गेलो तर तिनं पत्र्याच्या ट्रंकेतनं सगळी पाकिटं काढून पुढ्यात ठेवली. पप्पा काही बोलले नाहीत, आईपण नाही.

तिथनं आमचं स्कॅनिंग सुरू झालं. 4 बाय 6 इंचाचा फोटो 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके धरून, स्कॅन केला तर 2400 बाय 3600 पिक्सेल येतात, मोठ्या पानावर छापायला पुरतात. व्हॉट्सॲपवरनं साधा फोटो पाठवला तर तो बारीक होऊन येतो, मोबाइलवर झकास आणि छापला की चेहरे पुसल्यासारखे, म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे. गूगल फोटोजवर पण टाकले, तिथली अमर्याद फुकट जागा 1 जून 2021 पासून बंद झाली ती गोष्ट वेगळी. पेनड्राइव्हवर एकट्यावर तर अजिबात भरवसा नाही, वर्षानुवर्षं न लावता पडला तर त्यातलं खराब होऊ शकतं. पप्पांच्या दोन कॉप्यांचा हिशोब बरोबर होता म्हणायचा.

पुढच्या भाऊबीजेला आत्याला पेनड्राइव्ह दिला, वर्षाप्रमाणं फोल्डर करून, आणि जोडीला एक फोटोबुक. भाच्यानं टीव्हीला लावून दिला. आत्यानं दहाबारा फोटो बघितले, मग म्हणाली, "आरं पण ह्याच्या मागं दादानं लिहिलेलं कुठाय?"

आम्ही फक्त पुढची बाजू स्कॅन केली होती. आता परत विट्याला जाऊन मागच्या बाजू घेतोय, दोनशे झाल्यात, निम्म्याच्या वर राहिल्यात.