जादा वेळ म्हणजे फुकटचे मार्क नव्हेत

ठाणे, ऐरोली, वाशीतल्या पालकांच्या ग्रुपवर परीक्षा जवळ आल्या की एक मेसेज फिरतो: ‘लेखनिक आणि जादा वेळ घेणाऱ्या मुलांचे मार्क खरे नसतात, त्यातून प्रगती कळतच नाही.’

शंका स्वाभाविक आहे. पण पेपर नेमकं काय तपासतो, ते आधी पाहू. विज्ञानाच्या पेपरात बाष्पीभवन समजलं का, हे बघायचं असतं. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनात येणारी अडचण, असलेल्या मुलाचा निम्मा वेळ प्रश्न वाचण्यातच गेला, तर मार्क वाचनाच्या वेगाला पडतात, विज्ञानाला नाही. जादा वेळ हा अडथळा कमी करतो. उत्तर मुलालाच द्यावं लागतं आणि लेखनिकाने, म्हणजे मुलासाठी पेपर लिहिणाऱ्याने, मूल सांगेल तेवढंच लिहायचं असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या दोन्ही सोयी नमूद आहेत. मात्र वाचनच तपासायचं असेल, तर प्रश्न दुसऱ्याने वाचून दाखवणं चालणार नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

पडताळा घरीच घ्या. ‘ओला टॉवेल पंख्याखाली लवकर का वाळतो?’ याला कागदावर अर्धी ओळ आली आणि तोंडी पूर्ण कारण आलं, तर अडचण लिहिण्यात आहे, समजण्यात नाही.

वाचनातली प्रगती बघण्यासाठी दर आठवड्याला त्याच पातळीचा नवा उतारा मुलाकडून एक मिनिट वाचून घ्या. बरोबर वाचलेले शब्द तारखेसह वहीत मांडा. एखादा आठवडा आकडा घसरेलही. दीड-दोन महिन्यांचा कल बघा. तुलना त्याच मुलाच्या आधीच्या आकड्यांशी करा आणि शिक्षकांना भेटायला जाताना ही वही सोबत न्या.