बँडफुटीनंतरची एकल कारकीर्द

नावाजलेला बँड फुटल्यावर किंवा त्यातून बाहेर पडल्यावर एखादा गायक, वादक वा गीतकार स्वतःच्या नावाने जे ध्वनिमुद्रण, मैफली आणि दौरे करतो, त्यांना मिळून ‘बँडफुटीनंतरची एकल कारकीर्द’ ही संज्ञा वापरतात. बँड चालू असताना हौसेखातर काढलेला स्वतंत्र अल्बम तीत सहसा धरत नाहीत. मात्र ही सीमारेषा पक्की नाही, कारण पुष्कळदा असा अल्बमच फुटीची नांदी ठरतो. अशा कारकिर्दीचे यश आवाजावर किंवा लोकप्रियतेवर अवलंबून असते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बँडमधून बाहेर पडताना गाणी, त्यांचे हक्क आणि बँडचे नाव यांपैकी कोणाच्या पदरात काय पडले, यावर बरेच काही ठरलेले दिसते.

या प्रकाराचा ठळक नमुना म्हणजे बीटल्स हा चौघांचा ब्रिटिश बँड. १० एप्रिल १९७० रोजी पॉल मॅकार्टनी वेगळे झाल्याची बातमी जगभर पसरली आणि आठवड्याभरातच त्यांचा पहिला एकल अल्बम बाजारात आला. वर्ष संपण्यापूर्वी चौघांचेही एकल अल्बम निघाले होते. त्यांत खरा धक्का दिला तो जॉर्ज हॅरिसन यांनी. बँडमध्ये गीतरचना प्रामुख्याने जॉन लेनन आणि मॅकार्टनी यांच्याकडे असल्यामुळे हॅरिसन यांच्या वाट्याला एका अल्बममागे सहसा एक-दोन गाणीच येत. परिणामी अनेक वर्षे साठत गेलेली गाणी त्यांनी नोव्हेंबर १९७० मध्ये ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या तीन तबकड्यांच्या संचात एकदम बाहेर काढली. त्यातील ‘माय स्वीट लॉर्ड’ हे ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले माजी बीटलचे पहिले एकल गाणे ठरले. त्याच गाण्यावर पुढे चाल उचलल्याचा दावा होऊन १९७६ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ही नक्कल नकळत झाल्याचा निर्णय दिला. हॅरिसन यांचे नंतरचे काम कमी प्रतीचे होते असे नव्हे. पण साठवणीतून निवडून घेण्याची ती चैन पुन्हा त्यांच्या वाट्याला आली नाही.

मॅकार्टनी यांची अडचण वेगळी होती. १९६७ च्या भागीदारी करारानुसार गीतलेखनाचे उत्पन्न वगळता चौघांची एकल कमाईही सामाईक तिजोरीत जमा होणार होती. म्हणून ३१ डिसेंबर १९७० रोजी त्यांनी लंडनच्या उच्च न्यायालयात भागीदारी मोडण्यासाठी दावा लावला. ती कायद्याने संपुष्टात येण्यास जानेवारी १९७५ उजाडला. दरम्यान त्यांनी ‘विंग्ज’ हा नवा बँड उभा केला. १९७२ मध्ये हा बँड ब्रिटनमधील विद्यापीठांत आगाऊ जाहिरात न करता जाऊन वाजवत असे आणि बीटल्सची गाणी कटाक्षाने टाळत असे. १९७६ च्या अमेरिका दौऱ्यात मात्र त्यांतील पाच गाणी कार्यक्रमात आली.

हक्कांचा सर्वांत विलक्षण दाखला अमेरिकेतील जॉन फॉगर्टी यांचा आहे. त्यांचा ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ हा बँड १९७२ मध्ये संपला, तेव्हा त्यांनीच लिहिलेल्या गाण्यांचे स्वामित्वहक्क ‘फँटसी’ या ध्वनिमुद्रण कंपनीकडे राहिले. त्या रागातून फॉगर्टी यांनी वर्षानुवर्षे ती गाणी रंगमंचावर गायलीच नाहीत. १९८५ मध्ये त्यांचा ‘सेंटरफील्ड’ हा अल्बम गाजला, तेव्हा त्यातील एक गाणे त्यांच्याच जुन्या गाण्याशी मिळतेजुळते असल्याचे सांगून कंपनीने दावा ठोकला. म्हणजे स्वतःसारखे वाजवल्याचाच हा आरोप होता. १९८८ च्या सुनावणीत फॉगर्टी गिटार घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसले आणि आपली शैली कशी घडते हे त्यांनी ज्यूरींना वाजवून दाखवले. निकाल त्यांच्या बाजूने लागला. वकिलांच्या खर्चाचा मुद्दा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि स्वामित्वहक्काच्या खटल्यात जिंकणाऱ्या प्रतिवादीला, जिंकणाऱ्या वादीला लावतात त्याच कसोटीने खर्च मिळावा, असे तत्त्व १९९४ मध्ये ठरले.

नावाचे मोल पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या उदाहरणात दिसते. रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडले आणि त्यांच्याविना बँडने हे नाव वापरू नये यासाठी न्यायालयात गेले. १९८७ च्या अखेरीस झालेल्या तडजोडीत नाव डेव्हिड गिल्मर आणि निक मेसन या उरलेल्या सदस्यांकडे राहिले. त्या वर्षी बँडच्या दौऱ्याला प्रचंड गर्दी लोटत असताना प्रमुख गीतकार असलेले वॉटर्स लहान प्रेक्षागृहांत कार्यक्रम करत होते. मात्र २०१० ते २०१३ या काळात ‘द वॉल’ या पिंक फ्लॉइडच्या अल्बमचे त्यांनी स्वतःच्या नावाने केलेले प्रयोग मोठमोठ्या स्टेडियममध्ये झाले. नाव तात्काळ उपयोगी पडते. गाणी अधिक काळ पुरतात.

बँडमधील प्रमुख व्यक्तीच पुढे चमकते, हा अंदाजही अनेकदा चुकला आहे. ‘टेक दॅट’ या ब्रिटिश पॉप समूहात बहुतेक गाणी गॅरी बार्लो लिहीत, पण घवघवीत एकल यश मिळाले ते १९९५ मध्ये बाहेर पडलेल्या रॉबी विल्यम्स यांना. जेनेसिस या बँडचे ड्रमर फिल कॉलिन्स १९८१ पासून एकल गायक म्हणून गाजले, तेही बँड न सोडता. ‘निर्वाणा’ या बँडचे ड्रमर डेव्ह ग्रोल यांनी १९९४ मध्ये जवळपास सर्व वाद्ये स्वतः वाजवून अल्बम केला. मात्र त्यावर आपले नाव न घालता ‘फू फायटर्स’ हे बँडचे वाटावे असे नाव दिले. गीतलेखनात वाटा नसलेल्या वादकांना असे मार्ग क्वचितच मिळतात. ‘द स्मिथ्स’चे ड्रमर माइक जॉइस यांना तर बँडच्या जुन्या उत्पन्नातील चौथा हिस्सा मिळवण्यासाठी न्यायालयात जावे लागले, १९९६ मध्ये तो त्यांना मंजूर झाला.

एकल कारकीर्द बऱ्याचदा पुनर्मीलनाकडे वळते. ‘ईगल्स’ हा अमेरिकी बँड १९८० मध्ये विखुरला आणि १९९४ मध्ये एकत्र आला. ‘द पोलीस’ हा बँड २००७ मध्ये एकत्र आला, तोही एका दौऱ्यापुरता. दक्षिण कोरियातील पॉप समूहांत तर फूट होण्याची वाटच पाहिली जात नाही. बीटीएसने २०२२ मध्ये एकल कामावर भर देण्याचे जाहीर केले आणि सदस्यांच्या सक्तीच्या लष्करी सेवेच्या काळात त्यांचे स्वतंत्र अल्बम आळीपाळीने प्रसिद्ध होत राहिले.