एअरड्रॉप खरा असतो, मग 'डबल करून देतो'वालं गिव्हअवे खोटं कशावरून?

हा प्रश्न बरेच जण विचारतात आणि त्यात वेडगळ काही नाहीये, कारण क्रिप्टोत फुकट पैसे खरंच वाटले गेलेत. एखादा प्रकल्प आपले टोकन (डिजिटल नाणी) वापरणाऱ्यांना फुकट वाटतो, तो एअरड्रॉप; आणि आधी तुम्ही कॉइन पाठवा, मग दुप्पट परत देतो म्हणतात, ते 'डबल'वालं गिव्हअवे. सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॅपने, ज्या ज्या वॉलेटने (क्रिप्टोच्या खात्याने) १ सप्टेंबरच्या आधी त्यांचं क्रिप्टो अदलाबदलीचं एक्स्चेंज एकदा जरी वापरलं होतं त्या प्रत्येकाला ४०० युनी टोकन देऊन टाकले, तेव्हाच्या भावाने हजार डॉलरच्या वर. नाव विचारलं नाही, फोन नंबर नाही, काही नाही. ज्याने हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय तो उद्या यूट्यूबवर इलॉन मस्कचा 'लाइव्ह' बघतो, कोपऱ्यात क्यूआर कोड, खाली ५००० बिटकॉइन वाटणार असं लिहिलेलं, तर त्याला वाटणारच ना की हेही त्यातलंच.

यावर नेहमीचा सल्ला असतो की अकाउंट खरंय का ते बघा, टिक बघा. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. १५ जुलै २०२० ला ट्विटरवर ओबामा, बायडन, बिल गेट्स, बेझोस, मस्क, अगदी अ‍ॅपल आणि उबरच्या अकाउंटवरून सुद्धा बिटकॉइन पाठवायला सांगणारे ट्वीट आले, हजार डॉलर पाठवा मी दोन हजार परत पाठवतो अशा थाटाचे, आणि ते सगळे अकाउंट अस्सल होते! ट्विटरच्याच कर्मचाऱ्यांना फोनवरून गंडवून कंपनीच्या आतल्या टूलपर्यंत हॅकर पोचले होते, आणि मुख्य सूत्रधार निघाला फ्लोरिडातला १७ वर्षांचा पोरगा. काही तासांत लाखभर डॉलरच्या वर बिटकॉइन गोळा झाले, कॉइनबेससारख्या एक्स्चेंजनी ते बिटकॉइन जमा होणारा पत्ता (बँकेच्या खाते क्रमांकासारखा) ब्लॉक केला नसता तर अजून गेले असते. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये नरेंद्र मोदींचं अकाउंट थोडा वेळ हॅक झालं तेव्हाही तेच, सरकारने ५०० बिटकॉइन घेतलेत आणि लोकांना वाटतंय असं ट्वीट, सोबत लिंक. म्हणजे बोलतंय कोण यावरून काहीच ठरत नाही. उलट खऱ्या एअरड्रॉपमध्ये बहुतेक वेळा कुठला चेहराच नसतो, एक कंटाळवाणी नियमावली असते, अमुक तारखेपर्यंत अमुक वापर केलेले पत्ते पात्र, बस.

फरक बघायचा तो पैसा कुठून निघतो आणि कुठे जातो यात. एअरड्रॉपमध्ये पात्रता सहसा आधीच ठरून गेलेली असते, मागच्या वापरावरून, त्याला स्नॅपशॉट म्हणतात, आता तुम्ही काहीही केलंत तरी त्यात नाव घुसत नाही. देणाऱ्याचाही स्वार्थ असतो, टोकन हजारो हातांत गेलं की प्रकल्पाच्या निर्णयांवर मत देण्याचा हक्क जास्त लोकांत पसरतो, वापरणारे टिकतात, गाजावाजा होतो. गिव्हअवेमध्ये मात्र पात्रता आत्ता, या क्षणी, पैसे पाठवून मिळवायची असते आणि जास्त पाठवाल तर जास्त मिळेल.

इथे गिव्हअवेवाले एक कारण देतात आणि बरेच जण त्यावरच फसतात: "तुमचा पत्ता व्हेरिफाय करायला आधी थोडे कॉइन पाठवा." हे तांत्रिकदृष्ट्या सरळ खोटंय. कुणाला बिटकॉइन किंवा इथर (इथेरियम नेटवर्कचं नाणं) पाठवायला समोरच्याचा पत्ता माहीत असला की पुरे, त्याने आधी काहीतरी पाठवायची अजिबात गरज नसते. ज्याला द्यायचेत त्याने पत्ता विचारावा आणि देऊन टाकावेत.

आता खरा गोंधळ. एअरड्रॉप क्लेम करताना पण पैसे लागतात की! हो लागतात, पण ती गॅस फी, म्हणजे नेटवर्कवर व्यवहार करायचं शुल्क, ती सहसा टोकन वाटणाऱ्याच्या खिशात जात नाही, आणि गर्दी किती आहे त्यावर कमीजास्त होते. तुमच्या वॉलेट अ‍ॅपमध्ये ती वेगळी दिसते. गिव्हअवेत तुम्ही चक्क कुणाच्या तरी पत्त्यावर रक्कम पाठवत असता. दोन्हीला 'फी' म्हटलं जातं म्हणून घोळ होतो.

गिव्हअवेचा सेट कसा उभा करतात तेही माहीत असावं. कुठलं तरी लाखो सबस्क्रायबर असलेलं चॅनल चोरायचं, चॅनलवाल्याला स्पॉन्सरशिपचा मेल पाठवून त्यातल्या फाइलमधून ब्राउझरचं लॉगिन सेशनच पळवतात त्यामुळे पासवर्ड काय नि ओटीपी काय सगळं बाजूला राहतं, मग चॅनलचं नाव बदलून स्पेसएक्स किंवा तसलं काही ठेवायचं आणि जुनी मुलाखत लूपवर लावायची. जुलै २०२१ मध्ये मस्क, ट्विटरचा तेव्हाचा प्रमुख जॅक डॉर्सी आणि गुंतवणूकदार कॅथी वुड यांची बिटकॉइनवर एक चर्चा झाली होती, ती अशी किती वेळा 'लाइव्ह' झाली असेल देव जाणे. हल्ली एआयने ओठ आणि आवाज पण बदलतात, म्हणजे तो माणूस स्वतःच क्यूआर स्कॅन करा म्हणताना दिसतो. साइटवर उलटा काउंटर आणि खाली सतत सरकणारी यादी, अमक्याने एक पाठवला, त्याला दोन आले, ती यादी निव्वळ स्क्रिप्ट असते. ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्या व्यवहारांच्या उघड्या नोंदवहीत, त्यांनी दिलेला पत्ता उघडून बघा, आत आलेले दिसतील, पाठवणाऱ्यांना दुप्पट परत गेलेले दिसणार नाहीत. अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहक संरक्षण बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२१ या सहा महिन्यांत नुसत्या मस्कच्या तोतयांनी २० लाख डॉलरच्या वर लुबाडल्याच्या तक्रारी आल्या होत्या. इथेरियमचा सहसंस्थापक विटालिक बुटेरिन तर इतका वैतागला की २०१८ मध्ये त्याने ट्विटरवरच्या नावातच आपण इथर वाटत नाही असं घालून टाकलं.

पण पैसे पाठवायचे नाहीत एवढंच लक्षात ठेवून भागत नाही, कारण आता तिसरा प्रकार आलाय, खऱ्या एअरड्रॉपचं खोटं क्लेम पेज. मार्च २०२३ मध्ये आर्बिट्रम या इथेरियमवर आधारलेल्या नेटवर्कचा एअरड्रॉप खरंच होता आणि त्याच्या आजूबाजूला हुबेहूब नकली साइट उगवल्या. इथे कुणी पैसे मागत नाही, वॉलेट जोडा आणि सही करा (म्हणजे वॉलेटमध्ये मंजुरीचं बटण दाबा) म्हणतात. ती सही म्हणजे तुमचे टोकन हलवायची परवानगी असू शकते, कोऱ्या चेकवर सही केल्यासारखंच. त्यातही काही सह्यांना गॅस लागत नाही, त्यामुळे 'फुकट आहे, काय बिघडतंय' असं वाटतं, आणि नेमकी तीच जास्त धोक्याची. सप्टेंबर २०२३ मध्ये विटालिकचं स्वतःचं अकाउंट हॅक करून अशीच फुकट एनएफटीची (संग्रही ठेवायच्या डिजिटल वस्तूची) लिंक टाकली होती, लोकांचे लाखो डॉलर गेले. वॉलेटमध्ये न मागता एखादं अनोळखी टोकन येऊन पडलं आणि त्याच्या नावातच वेबसाइट असेल तर तेही यातलंच, हात लावू नका, पडून राहू द्या. क्लेमची लिंक प्रकल्पाच्या मूळ साइटवरून स्वतः जाऊन शोधायची, सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून नाही आणि रिप्लायमधून तर नाहीच.

फसलं कुणी तर काय, तर कुठल्या प्रकारात फसलं त्यावर आहे. गिव्हअवेत पाठवलेले कॉइन बटण दाबून परत येत नाहीत, ट्रान्झॅक्शनचा हॅश (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) घेऊन तुमच्या एक्स्चेंजला आणि सायबर पोलिसांना लगेच कळवा, चोराने ते एखाद्या एक्स्चेंजवर नेले तर तिथे गोठवले जाण्याची थोडीफार शक्यता असते. 'रिकव्हरी एक्स्पर्ट' म्हणून जे मेसेज करतात ते आधी फी मागतात, त्यांना उत्तरच देऊ नका. चुकीची सही झाली असेल तर परवानगी रिव्होक (रद्द) करा आणि उरलेले टोकन दुसऱ्या पत्त्यावर हलवा. पण सीड फ्रेज (वॉलेटची किल्ली असलेले गुप्त शब्द) टाइप केली असेल तर रिव्होक करून काही उपयोग नाही, तिथे नवीन सीडचं नवीन वॉलेट बनवून जे वाचलंय ते ताबडतोब तिकडे न्यायचं, जुनं वॉलेट परत वापरायचं नाही.